बाहेरची रेघ

शिवरात्र आली की थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं आमच्या बेंगळुरात म्हणतात. तिच्या त्या जायच्या दिवसांत सगळंच अर्धवट असतं. संक्रांतीचं एळ्ळु-बेल्ल, म्हणजे आमचा तिळगूळ, वाटून संपलेलं असतं, पण डब्याच्या तळाशी खोबऱ्याचे चार तुकडे उरलेले असतात. बाजारात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे ढीग अजून असतात, पण त्यांचा वास उतरलेला असतो. सकाळी स्वेटर घालून निघावं तर दहाला तो काढून कमरेला बांधावा लागतो. ह्याच दिवसांत कब्बन पार्कातली एरवी कुणी ढुंकून न पाहिलेली झाडं पानं टाकून एकदम गुलाबी होतात आणि रस्त्यावरची माणसं मोबाइल वर करून उभी राहतात. आणि ह्याच दिवसांत त्या झाडांच्या पलीकडच्या स्टेडियमात टेनिसची स्पर्धा भरते.

यंदाही भरली. मी गेले. जाऊ नये असं दरवर्षी ठरवते आणि जाते, तशीच. पुरुष दुहेरीचा अंतिम सामना होता. एकेरीला लोक येतात; दुहेरीला येतात ते खेळाडूंचे नातेवाईक, म्हातारी माणसं, आणि ज्यांना दुसरा उद्योग नाही ते. मी शेवटच्या दोन्हींत बसते.

कोर्टावर चौघं खेळाडू, वर खुर्चीत पंच, जाळ्याशी बॉल उचलणारी मुलं. बाकी कुणी नाही. रेघांवर माणसंच नाहीत. आता कॅमेरे बघतात आणि कर्ण्यातून एक बाई 'आउट' म्हणते. छान स्वच्छ आवाज आहे तिचा. तिला खोकला येत नाही, घसा बसत नाही, उन्हात टोपी सरकत नाही. पहिली सर्व्हिस झाली आणि माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीच्या टोकावर येऊन, गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून बसलेय. दुसऱ्या सर्व्हिसलाही तेच. शेजारच्या तरुणानं शेवटी काळजीनं विचारलं, "आंटी, आर यू ओके? पानी चाहिए?" मी म्हटलं, नको बाळा, ही जुनी खोड आहे. तो समजल्यासारखं हसला आणि एक खुर्ची सोडून बसला.

बावीस वर्षं मी त्या रेघांवर उभी होते. लाइन अंपायर. वर्षाचे बाकी सगळे दिवस कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मोजायच्या आणि स्पर्धेच्या आठवड्यात रजा टाकून उन्हात उभं राहायचं. हे वेड मला लावलं अण्णानं. अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तीन-चारशे वर्षांमागे इकडे आलेलं आमचं घराणं. पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून तोंडावर पदर धरतात, तर कन्नड शेजारी आम्हांला अजून 'मराठे लोक' म्हणतात. अण्णा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. आयुष्यभर त्यानं रेघा मारल्या आणि सुट्टीच्या दिवशी रेघा राखल्या. मी लग्नाच्या भानगडीत पडणार नाही हे घरात एकदाचं सगळ्यांनी मान्य केलं, तेव्हा तो म्हणाला होता, "सुमे, तुला दुसऱ्याच्या चुका काढायला फार आवडतं. त्याचा उपयोग तरी कर."

इथल्या, बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमचं घर होतं. त्याच्या गच्चीवर अण्णानं मला शिकवलं. खडूनं रेघ मारायची. बॉल बादलीत बुडवायचा, म्हणजे तो पडेल तिथे ओला ठिपका राहतो आणि वाद राहत नाही. वहिनी पाण्याच्या टाकीवर चढून बॉल फेकायची. साडी खोचून, दात ओठ खाऊन फेकायची. नवऱ्यावरचा राग काढायची तेवढी एकच सोय तिला होती. मी ओरडायचे, आणि मग तिघं वाकून ठिपका बघायचो. खालून एखादी रिक्षा वरात चालल्यासारखी हॉर्न वाजवत जायची, मशिदीतली अजान व्हायची, शेजारच्या बेकरीतून भाजल्या पावाचा वास यायचा. वहिनीचे वाळत घातलेले पापड आमच्या पायांखाली यायचे आणि बोलणी मी खायचे.

खुणा चारच. बॉल बाहेर गेला तर 'आउट' ओरडून हात सरळ बाजूला. आत पडला तर तोंडातून अक्षर नाही; दोन्ही तळवे जमिनीकडे करून, जवळजवळ, खाली धरायचे, आणि खुर्चीवरच्या पंचानं पाहीपर्यंत तसेच ठेवायचे. आपण चुकलो असं कळलं तर ताबडतोब हात वर करून 'करेक्शन' म्हणायचं. आणि चौथी खूण, दिसलंच नाही तर. मध्ये खेळाडू आला, डोळ्यांवर तिरीप आली, काहीही झालं असेल. तेव्हा दोन्ही हात डोळ्यांवर ठेवायचे. मग वरचा पंच बघून घेतो.

"सगळ्यात अवघड ही चौथी," अण्णा म्हणायचा. "माणूस अंदाजानं सांगून मोकळा होतो. डोळे झाकायला लाज वाटते त्याला. अगं, न दिसल्याची कसली लाज? न दिसलेलं सांगितलंस तर लाज."

मी त्याला चिडवायचे, की तू कारखान्यात साहेबासमोर असे डोळे झाकतोस का? तो म्हणायचा, "झाकायला हवे होते. बढती नसती मिळाली, झोप तरी मिळाली असती."

अण्णाचा जीव दुहेरीवर. एकेरीत रेघेवरच्या माणसाला एकच रेघ असते. दुहेरीत दोन. सर्व्हिस पडेपर्यंत आतली रेघ बघायची, कारण सर्व्हिसला आतलीच धरतात. सर्व्हिस पडली रे पडली की झटकन बाजूला सरकायचं आणि बाहेरची रेघ धरायची, कारण तिथून पुढे कोर्ट रुंद झालेलं असतं. दोन रेघांमधल्या पट्टीला आम्ही गल्ली म्हणायचो. एकेरीत गल्लीत पडलेला बॉल बाहेर, दुहेरीत तोच आत. दिवसभरात शे-दीडशे वेळा हे सरकणं. अण्णा सरकायचा ते बघायला मला आवडायचं. पाय उचललेला दिसायचा नाही. आत्ता इथे होता, आता तिथे आहे. तो म्हणायचा, "दुसरा माणूस आला की जागा वाढते, बघ. संसाराचं तसंच." वहिनी आतून म्हणायची, "कुणाची वाढली?"

आणि एक गोष्ट त्याला आवडायची. दुहेरीचे जोडीदार प्रत्येक गुणानंतर एकमेकांच्या हातावर हात टेकवतात. जिंकलेल्या गुणानंतर टेकवतात त्यात काय नवल. पण गेलेल्या गुणानंतरही टेकवतात. ज्याच्यामुळे गुण गेला त्याच्याकडे दुसरा मुद्दाम चालत येतो. यंदाच्या सामन्यातही तेच पाहिलं. एका पोरानं सोपा बॉल जाळ्यात घातला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. दुसरा मागच्या रेघेपासून तिथवर आला आणि हात पुढे केला. मला खाली बघावं लागलं.

आमच्या तुकडीत एक वयस्क गृहस्थ होते. मोतीबिंदू झालेला, आणि तरी दरवर्षी यायचे. सगळे त्यांच्यामागे कुजबुजायचे, खेळाडू हसायचे, पण त्यांना तोंडावर कुणी सांगत नव्हतं. एका फेब्रुवारीत परतताना अण्णा आणि मी स्टँडाजवळच्या छोट्या हॉटेलात बसलो होतो. टेबलावर एका बशीत चार बोंडे आणि दोन कॉफ्या. अण्णानं कॉफीचा घोट घेतला. मग म्हणाला, "सुमे, माझी वेळ आली की तू सांगायचंस. तुझी आली की मी सांगीन. रेघेवरच्या माणसाला आपली आपण चूक कळत नाही, म्हणून तर वर खुर्ची ठेवलीय."

"तुझी आधी येणार," मी म्हटलं. "नऊ वर्षं मोठा आहेस."

"सरी, चालेल. पण सांगायचंस. दया नको."

"नाही करणार दया. आनंदानं सांगीन."

त्यानं हात पुढे केला, मी टेकवला, आणि शेवटचा बोंडा त्यानं खाल्ला. एवढाच करार. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही, कारण बोलायची गरज नव्हती. आम्ही दोघंही दुसऱ्याच्या चुका काढणारी माणसं होतो.

ज्या फेब्रुवारीबद्दल मी हे लिहितेय, त्यात झाडं नेहमीपेक्षा जास्त फुलली होती. की मलाच तसं आठवतं, कोण जाणे. त्या संक्रांतीला अण्णानं शेजारच्या घरात एळ्ळु-बेल्लचा पुडा दोनदा नेऊन दिला होता. शेजारीण हसून म्हणाली, अण्णांचं प्रेम दुप्पट झालंय. आम्हीही हसलो होतो. साठी उलटून सात वर्षं झालेला माणूस, दोनदा तिळगूळ देतो, ह्यात रडायचं काय होतं?

दुहेरीची उपांत्य फेरी दुपारी होती. सकाळी अण्णानं एकेरीचे दोन सामने केले होते. तो बाजूच्या रेघेवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात. मी मागच्या रेघेवर, त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर. कोर्ट तापून रंगाचा वास येत होता. वर घारी फिरत होत्या. सर्व्हिस झाली, परतली, आणि पलीकडच्या डावखुऱ्यानं बॉल तिरका मारला. तो गल्लीच्या मधोमध पडला. शेंबड्या पोरालाही दिसावं असा, आत.

"आउट!" अण्णा ओरडला. हात सरळ बाजूला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग डावखुरा दोन्ही हात पसरून हसला आणि म्हणाला, "सर! डबल्स, सर!" खुर्चीवरच्या बाईंनी 'करेक्शन' दिलं, गुण पुन्हा खेळवला, गॅलरीतली तीस-चाळीस माणसं हसली. आमच्या तुकडीतले सगळे हसले. कारण ही चूक आमच्या धंद्यातली प्रत्येकानं एकदा केलेली असते. सकाळभर एकेरी केली की पाय सरकायचे विसरतात. पहिल्या वर्षी मीही केली होती आणि अण्णानं मला महिनाभर 'एकेरी' म्हणून हाक मारली होती.

मीही हसले. हसता हसता मी अण्णाकडे पाहिलं. तो हसत नव्हता. तो खेळाडूंकडे बघत होता. एकाकडे, मग दुसऱ्याकडे, मग जाळ्यापलीकडच्या दोघांकडे. सावकाश, मोजल्यासारखा. मग बाहेरच्या रेघेवर जाऊन उभा राहिला. पुढची सर्व्हिस झाली तेव्हाही तो बाहेरच्याच रेघेवर होता, जिथे तेव्हा असायला नको. त्यापुढच्या सर्व्हिसलाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बॉल तिकडे आलाच नाही. माझ्या लक्षात आलं. माझी रेघ सोडून मी दुसरीकडे बघत होते, हा माझाही गुन्हाच.

आमची पाळी संपली आणि आम्ही तंबूत आलो. कागदी पेल्यांतला चहा, पेपर प्लेटमध्ये उरलेलं चित्रान्न, टोपीच्या कडेनं आलेला घाम. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. सगळे चेष्टा करून गेले तसा माझ्याकडे झुकला आणि हळू आवाजात विचारलं, "सुमे, काय चुकलं गं माझं?"

मला वाटलं, तो म्हणतोय, कशी चूक झाली माझ्याकडून. मग त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. लोक का हसले हे त्याला कळलेलं नव्हतं. दुहेरी नावाची गोष्ट, बाहेरची रेघ, ते सरकणं, एवढा वेळ त्याच्या हाताशी असलेलं सगळं, त्या घटकेला त्याच्याजवळ नव्हतं.

हाच तो क्षण होता. बोंड्यांच्या बशीवर हात टेकवून ठरवलेला. मी फक्त म्हणायचं होतं, अण्णा, वेळ आली.

"काही नाही रे," मी म्हटलं. "सकाळभर एकेरी केलीस ना, म्हणून. चहा घे."

"हां," तो म्हणाला. "एकेरी." आणि चहा घेतला.

देवानं मला एकदाच संधी दिली असती तर मी त्याला दोष दिला असता. दोनदा दिली. संध्याकाळी आमच्या तुकडीचे प्रमुख मूर्ती सर हातात दुसऱ्या दिवसाचा तक्ता घेऊन माझ्याकडे आले. मूर्ती सर म्हणजे अत्यंत सरळ माणूस, आवाज न चढवणारा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, उद्या डबल्स फायनलला अण्णांना साइडलाइनवरच ठेवतो. पण... हुषार आहेत ना? तब्येत सरी आहे ना?"

मी म्हटलं, "होय की सर. उन्हाचं झालं असेल स्वल्प."

मी हे खोटं का बोलले, ह्याची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्याचा तो पंचविसावा अंतिम सामना होता. वहिनीनं पँट परीटघडीची करून ठेवली होती. एकच तर दिवस राहिला होता. मलाच ते खरं करायचं नव्हतं. सांगितलं असतं तर ते झालंच असतं. शेवटचं उत्तर बहुधा खरं आहे. दया मी त्याच्यावर नाही, माझ्यावर केली.

अंतिम सामन्याला गर्दी बरी होती. झाडांवरची फुलं वाऱ्यानं कोर्टापर्यंत येत होती आणि मुलं मध्येच धावत जाऊन ती उचलत होती. अण्णा कोपऱ्यात उभा, टोपी कपाळावर ओढून. पहिला सेट एकांचा, दुसरा दुसऱ्यांचा. दुहेरीत तिसरा सेट नसतो; जो आधी दहा गुण करील तो जिंकला. अण्णा नीट सरकत होता. सर्व्हिसला आत, मग बाहेर. मी मनात देवाचे आभार मानत होते आणि स्वतःला शहाणी म्हणत होते. बघ, काही नव्हतं. ऊनच होतं.

आठ-आठ झाले. सर्व्हिस आली, परतली, जाळ्याजवळच्या उंच पोरानं बॉल कापून टाकला. तो गल्लीत, बाहेरच्या रेघेच्या बोटभर आत, अण्णाच्या अगदी समोर पडला. मध्ये कुणी नाही. ऊन त्याच्या पाठीला. खुर्चीवरच्या बाई अण्णाकडे बघत होत्या. चौघं खेळाडू बघत होते.

अण्णा हलला नाही. आउट म्हणाला नाही, तळवे खाली धरले नाहीत. मग त्यानं दोन्ही हात उचलले आणि डोळ्यांवर ठेवले.

गॅलरीत हशा पिकला. समोर पडलेला बॉल ह्याला दिसला नाही! कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी कन्नडमध्ये चष्म्याचा विनोद केला. बाईंनी क्षणभर थांबून 'आत' असा निर्णय दिला, नऊ-आठ झाले, खेळ पुढे गेला. एवढंच. कोण जिंकलं ते मला आता आठवत नाही.

पण मला ठाऊक होतं की बॉल त्याला दिसला होता. रेघ कुठली धरायची ते त्याला आठवत नव्हतं. तो अंदाजानं सांगू शकला असता. अर्ध्या वेळा अंदाज बरोबरही येतो. त्यानं अंदाज केला नाही. मी जे त्याला तंबूत चार माणसांच्या आडोशाला सांगायला हवं होतं, ते त्यानं भर कोर्टात, हसणाऱ्या लोकांसमोर, एकट्यानं स्वतःचं स्वतः सांगितलं. आणि मी आठ पावलांवर गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होते. रेघेवरच्या माणसाला खेळ चालू असताना जागा सोडता येत नाही. मला सोडता आली नाही.

सामना संपल्यावर त्यानं टोपी काढली, घडी घातली आणि मूर्ती सरांच्या हातात दिली. "आयतु, मूर्ती. इन्नु साकु." झालं, आता पुरे. मूर्ती सरांनी अण्णाला वाकून नमस्कार केला.

आम्ही पार्कातून चालत निघालो. पायांखाली गुलाबी चिखल झाला होता. अण्णा म्हणाला, "काल तू पाहिलं होतंस ना?"

"हो."

"मग?"

तो थांबला, माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "करेक्शन लगेच द्यायचं असतं, सुमे," तो म्हणाला. "नंतर दिलेलं धरत नाहीत." आणि चालायला लागला. मी त्याचा हात धरायला हवा होता. गेलेल्या गुणानंतर दुसऱ्यानं चालत जायचं असतं, हे मी दिवसाला शंभर वेळा बघत होते. पण लाजेनं माझा हात उचलला नाही. स्टँडापर्यंत आम्ही दोघं दोन अनोळखी माणसांसारखे चालत गेलो.

मी पुढच्या वर्षी रेघेवर उभी राहिले नाही. मूर्ती सरांनी दोनदा फोन केला. मग कॅमेरे आले आणि प्रश्नच मिटला.

बाकीचं सगळ्या घरांत होतं तसंच झालं. डॉक्टर, गोळ्या, नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या, दाराला वरून कडी. शिवाजीनगरचं घर सोडून अण्णा आणि वहिनी व्हाइटफील्डला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. सोळाव्या मजल्यावरून गाड्यांच्या रांगा दिसतात, दुसरं काही दिसत नाही. अण्णाची एकेक गोष्ट जात राहिली. कारखाना गेला, कन्नड राहिलं. मुलाचं नाव गेलं, वहिनीला 'अगं' म्हणायचं राहिलं. फक्त एक वाक्य कुठूनसं परत आलं आणि मुक्कामाला राहिलं. दिवसातून कितीदा तरी, दारात कुरिअरवाला आला तरी, तो झुकून हळूच विचारतो, "काय चुकलं माझं?" वहिनी म्हणते, "काही नाही हो, काही नाही." सगळेच म्हणतात, काही नाही. हे उत्तर त्याला पहिल्यांदा कुणी दिलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

यंदाचा सामना संपला आणि मी कब्बन पार्क स्टेशनवरून मेट्रो धरली. दरवर्षी तशीच जाते. कोण जिंकलं ते अण्णाला सांगायला. त्याला कळत नाही, तरी सांगते. रविवार होता म्हणून बसायला जागा मिळाली. के. आर. पुरमला कॉलेजची पोरं चढली, त्यांच्या पिशव्या माझ्या गुडघ्यांना लागत होत्या. खिडकीतून उतरतं ऊन आत येत होतं. मी डोळे मिटले तर त्या कर्ण्यातल्या बाईचा आवाज ऐकू येत होता. तिला कधी डोळे झाकावे लागत नाहीत. तिच्यासाठी ती खूणच ठेवलेली नाही.

अण्णा बाल्कनीत बसला होता. पुढ्यात परातीत भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे. ते चिमटीत दाबले की साल हातात राहते आणि डाळ टुणकन उडते. वहिनी त्याला हे काम देते, कारण बोटांना ते अजून येतं. समोरच्या भिंतीवर दोन-चार डाळी चिकटल्या होत्या. मी शेजारी बसले, चार दाणे सोलले. वहिनी आत कॉफी करत होती.

"अण्णा," मी म्हटलं, "मला ओळखलंस?"

हा प्रश्न विचारू नये म्हणतात. मी एरवी विचारत नाही. त्या दिवशी विचारला गेला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ, नीट, कपाळाला आठी घालून पाहिलं. माझ्या चष्म्याकडे, पांढऱ्या केसांकडे. एखादं नाव सांगून तो मोकळा झाला असता. ताई म्हणाला असता, आई म्हणाला असता, आणि सगळे करतात तसं मीही 'हो' म्हणाले असते. त्यानं परात बाजूला सरकवली, ओले हात धोतराला पुसले, आणि दोन्ही हात उचलून डोळ्यांवर ठेवले.

मला रडू फुटलं. सगळं गेलं होतं त्याचं, आणि हे राहिलं होतं. न दिसलेलं तो अजूनही सांगत नव्हता. आणि मला सगळं दिसलं होतं, तरी मी सांगितलं नव्हतं.

मी डोळे पुसले. मग हात सरळ वर केला, गच्चीवर त्यानं शिकवला होता तसा.

"करेक्शन," मी म्हटलं.

त्यानं डोळ्यांवरचे हात काढले.

"तो बॉल आत होता, अण्णा. डबल्स होतं. तू आउट म्हणालास. तू विचारलंस काय चुकलं, आणि मी पाहिलेलं असून काही नाही म्हटलं. चूक तुझी एवढीशी होती, माझी मोठी होती. मी सुमा. वेळेवर सांगायचं ठरलं होतं, सांगितलं नाही."

आतून वहिनी म्हणाली, "कुणाशी बोलतेस गं?" मी हात वरच ठेवला.

त्याला काय कळलं, मला माहीत नाही. कळलं असं मी म्हणणार नाही. तो अंदाज होईल. तो माझ्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिला. मग खुर्चीत थोडा पुढे वाकला, दोन्ही तळवे जमिनीकडे केले आणि जवळजवळ आणून खाली धरले. बोटांना पावट्याची साल चिकटली होती. हात त्यानं काढले नाहीत. तो माझ्याकडे बघत थांबला. मी पाहिलं, अशी मान हलवली, तेव्हाच त्यानं हात मागे घेतले.